मूत्रपिंडातील गाठ सापडल्यानंतरचा प्रश्न

पित्ताशयातील खड्यांसाठी, पाळीच्या तक्रारींसाठी किंवा नुसत्या पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली जाते आणि अहवालात मूळ तक्रारीशी काहीही संबंध नसलेली एक ओळ येते: मूत्रपिंडात दोन-अडीच सेंटिमीटरची घन गाठ. ज्या देशांत तपासणीची यंत्रे सहज उपलब्ध आहेत, तेथे मूत्रपिंडाचा निम्म्याहून अधिक कर्करोग आता असा योगायोगानेच हाती लागतो. लघवीतून रक्त, कुशीतले दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही पाठ्यपुस्तकातील तीन लक्षणे एकत्र घेऊन येणारे रुग्ण दहा टक्क्यांहूनही कमी असतात आणि ते येतात तेव्हा रोग बहुधा पुढे गेलेला असतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे 4 लाख 34 हजार लोकांना हा कर्करोग होतो आणि दीड लाखाहून अधिक लोक त्याने मरण पावतात.

या रोगाविषयी जाहीर बोलणे निघाले की ते ‘लवकर निदान करा’ या सल्ल्यापाशी येऊन थांबते. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि सरसकट निरोगी माणसांच्या तपासणीचा कार्यक्रम म्हणून तो अमलात आणला तर घातकही ठरू शकतो. गाठ शोधणे हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आता राहिलेला नाही. सापडलेल्या गाठीचा स्वभाव ओळखणे, तिचा पाठपुरावा करणे आणि ज्याला खरोखर औषध हवे आहे त्याच्यापर्यंत ते परवडेल अशा मात्रेत व किमतीत पोहोचवणे, हे प्रश्न त्याहून अवघड आहेत, आणि सार्वजनिक पैसा त्यांच्या उत्तरांसाठी खर्च व्हायला हवा असे माझे मत आहे.

लवकर निदानाच्या बाजूने नेहमी एक आकडेवारी दिली जाते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असताना निदान झालेल्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर निदान झाले तर हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आत येते. दोन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघतो असे वाटते. पण येथे सावध राहायला हवे. समजा, एखाद्याचा मृत्यू सत्तराव्या वर्षी व्हायचाच आहे. त्याचे निदान सदुसष्टाव्या वर्षी झाले तर तो निदानानंतर तीन वर्षे जगला, आणि एकसष्टाव्या वर्षी झाले तर नऊ वर्षे. त्याच्या आयुष्यात मात्र एका दिवसाचीही भर पडलेली नसते. शिवाय संथ वाढणाऱ्या गाठी शरीरात दीर्घकाळ राहतात म्हणून तपासणीच्या जाळ्यात त्याच अधिक सापडतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच लक्षणे दाखवू लागतात. म्हणून लवकर सापडलेले रुग्ण अधिक काळ जगतात, एवढ्यावरून लवकर शोधल्याने जीव वाचतात हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्यासाठी तपासणी केलेल्या आणि न केलेल्या मोठ्या समूहांतील मृत्यूंची तुलना करावी लागते, आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाबाबत तशी निर्णायक तुलना आज आपल्या हाती नाही.

सरसकट तपासणीत किती सापडते, याचा अंदाज मात्र आहे. जपानमध्ये तेरा वर्षांच्या काळात सुमारे 2 लाख 20 हजार लोकांची सोनोग्राफी झाली आणि त्यांत 192 जणांत मूत्रपिंडाचा कर्करोग आढळला, म्हणजे दर दहा हजारांत जेमतेम नऊ. इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे अधिक जोखीम असलेला गट निवडला गेला. 55 ते 80 वर्षे वयाचे, सध्या धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले लोक फुप्फुसाच्या तपासणीसाठी सीटी स्कॅनच्या टेबलावर आलेलेच होते. त्यांच्या पोटाचेही स्कॅन त्याच वेळी करून घेतले तर काय हाती लागते, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली पाहिले गेले. सुमारे 4,000 जणांच्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडाचे 10 कर्करोग सापडले, आणि त्याचबरोबर दर वीस माणसांमागे एकात पुढील तपासणीची गरज असलेले काही ना काही नवे गंभीर आढळले; त्यांत महाधमनीचे फुगवटे होते, इतर अवयवांचे कर्करोगही होते. या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण तपासणी सुरू करून मग तिचे समर्थन शोधण्याऐवजी तेथे आधी प्रश्न नीट विचारला गेला. पण त्यातून आपल्यासाठी घाईने अनुकरण करण्याजोगे काही निघत नाही. फुप्फुसाच्या स्कॅनचा राष्ट्रीय कार्यक्रम ज्या देशात उभा आहे तेथे पोटाच्या स्कॅनची भर स्वस्तात घालता येते. आपल्याकडे मुळात तो कार्यक्रमच नाही.

तपासणीचा अतिरेक काय करतो हे दक्षिण कोरियाने थायरॉईडच्या बाबतीत अनुभवले आहे. तेथे इतर कर्करोगांच्या तपासणीसोबत माफक दरात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या थायरॉईड ग्रंथी काढल्या गेल्या आणि बहुतेकांच्या नशिबी आयुष्यभराची गोळी आली. मूत्रपिंडाच्या बाबतीतही अशी खूण दिसते. अमेरिकेत 2010 ते 2014 या काळातील वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी प्रदेशवार तपासल्या तेव्हा, एखाद्या प्रदेशात दर हजार जणांचे सीटी स्कॅन अधिक झाले की तेथे मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रिया चारने वाढलेल्या आढळल्या. या माणसांना कर्करोगाची शंका म्हणून स्कॅन झालेले नव्हते; स्कॅन झाले म्हणून गाठ दिसली आणि दिसली म्हणून काढली गेली. आपल्या शहरांत खासगी केंद्रे ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे विकतात तेव्हा या बाजूची माहिती ग्राहकाला कोणी देत नाही, ही मला गंभीर गोष्ट वाटते. ज्या कुटुंबांत या कर्करोगाचा धोका वाढवणारा, व्हीएचएल नावाच्या जनुकातील आनुवंशिक दोष आहे, त्यांची नियमित तपासणी आवश्यकच आहे, आणि तिच्याबद्दल कुणाचाही वाद नाही. पण अशी कुटुंबे थोडी असतात.

चार सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्या आणि शस्त्रक्रियेने काढल्या गेलेल्या घन गाठींपैकी साधारण पाचातली एक कर्करोगाची नसतेच, हे सर्वसामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. ऑन्कोसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ सीटी स्कॅनवर कर्करोगासारखीच दिसते. म्हणजे काही रुग्णांच्या मूत्रपिंडाचा भाग, क्वचित अख्खे मूत्रपिंड, अशा गाठीसाठी जाते जिने त्यांना कधीच त्रास दिला नसता. मधुमेह आणि उच्च रक्तदाब घरोघरी असलेल्या समाजात मूत्रपिंडाची कार्यक्षमता गमावणे ही किरकोळ किंमत नव्हे. डायलिसिसच्या खुर्चीकडे जाणारी वाट त्यातून आखूड होते.

म्हणूनच गाठीचा स्वभाव ओळखू पाहणारे संशोधन मला आजच्या घडीला सर्वांत मोलाचे वाटते. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, ज्याला क्लिअर सेल म्हणतात, व्हीएचएल हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. हे जनुक 1993 मध्ये सापडले. ते बिघडले की पेशीला ऑक्सिजनची टंचाई आहे असा खोटा संकेत मिळत राहतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गाठ पोसली जाते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते याच्या उलगड्याला 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच मार्गावर नेम धरणारे बेल्झुटिफॅन हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. जनुक बिघडल्याने पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन वाढते. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून केलेल्या पेट स्कॅनचा (शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे साचतो हे दाखवणाऱ्या तपासणीचा) नऊ देशांत अभ्यास झाला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्कॅनने क्लिअर सेल गाठींपैकी सुमारे 86 टक्के अचूक ओळखल्या आणि जवळपास तितक्याच प्रमाणात इतर गाठी वेगळ्या काढल्या. सुई न टोचता मिळालेले हे उत्तर मोठे आहे. मात्र असे किरणोत्सारी औषध बनवणे आणि पोहोचवणे महाग असते, आणि आपल्या बहुतेक जिल्ह्यांत पेट स्कॅनच नाही.

त्यामानाने एक साधी कल्पना आपल्याला जवळची आहे. हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या तपासणीसाठी भारतातील न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागांत सेस्टामिबी हा किरणोत्सारी पदार्थ रोज वापरला जातो. ऑन्कोसायटोमाच्या पेशी ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे हा पदार्थ त्या शोषून घेतात आणि स्कॅनवर उजळ दिसतात. कर्करोगाच्या बहुतेक गाठी तशा दिसत नाहीत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे 2016 च्या सुमारास 50 रुग्णांवर झालेल्या अभ्यासातून याची उपयुक्तता पुढे आली. पदार्थ जुना, यंत्रे असलेली, तंत्रज्ञ प्रशिक्षित. आपल्या रुग्णांत, आपल्याकडे आढळणाऱ्या आकाराच्या गाठींत ही तपासणी कितपत खरी उतरते, याचा अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला मोठा अभ्यास सरकारी निधीतून व्हावा, यासारखी उपयुक्त आणि आवाक्यातली मागणी दुसरी सुचत नाही. त्यातून कोणत्याही कंपनीला मोठा नफा मिळणार नाही, म्हणूनच ती सरकारकडे करायची.

ओळखण्याच्या पुढची पायरी म्हणजे वाट पाहणे. अमेरिकेत 2009 पासून काही रुग्णालये लहान गाठी असलेल्या रुग्णांची नोंदवही चालवत आहेत. त्यात काहींनी गाठ काढून घेतली, तर काहींनी ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवण्याचा पर्याय निवडला. पाच वर्षांनंतर कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत अत्यल्प होते. विशेषतः वयस्क आणि इतर व्याधी असलेल्या रुग्णांसाठी लक्ष ठेवणे हा कचखाऊपणा नसून विचारपूर्वक केलेला उपचार आहे. पण त्यासाठी रुग्णाला दर सहा महिन्यांनी बोलावणारी, तो आला नाही तर फोन करणारी आणि आधीचे स्कॅन शेजारी ठेवून तुलना करणारी व्यवस्था लागते. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या ठरावीक पॅकेजांभोवती उभी आहे. गाठ न काढता तिच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम अशा चौकटीत सहजी बसत नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते होते, आणि ज्याचे मिळत नाहीत ते रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोडले जाते. योजनेत निरीक्षणाला स्वतंत्र स्थान द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे कुणी विचारील की अतिनिदानाची ही चिंता श्रीमंत देशांची नाही का. आक्षेप रास्त आहे. भारतातील मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीत रुग्णाचे वय पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आणि गाठीचा आकार मोठा असल्याचे वारंवार दिसते. आपल्याकडे दोन्ही चुका एकाच वेळी घडत आहेत: पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वस्तीत दोन सेंटिमीटरची गाठ घाईने काढली जाते आणि मराठवाड्यातील शेतमजूर दहा सेंटिमीटरची गाठ घेऊन येतो. दुसऱ्या चुकीवरही सरसकट तपासणी हा उपाय नाही, कारण या रुग्णाला पुष्कळदा लक्षण दिसलेले असते. लघवीतून एकदा रक्त जाते, दुखत नाही, दोन दिवसांनी थांबते. घरात मुतखड्याचा इतिहास असतोच, म्हणून कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने सुरू होतात आणि महिने निघून जातात. वेदना नसलेला रक्तस्राव हा वेदना असलेल्यापेक्षा अधिक काळजीचा असू शकतो, ही एक गोष्ट आशा कार्यकर्तीपासून गावातल्या औषध दुकानदारापर्यंत सर्वांना माहीत झाली, आणि चाळिशीपुढच्या अशा प्रत्येक माणसाची सोनोग्राफी विनामूल्य व विनाविलंब झाली, तर लाखो निरोगी माणसांच्या पोटावर यंत्र फिरवण्यापेक्षा अधिक जीव वाचतील अशी माझी खात्री आहे.

ग्रामीण भागात सोनोग्राफीच्या उपलब्धतेला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची चौकट आहे आणि फिरत्या यंत्रांवर त्यात कडक निर्बंध आहेत. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वप्रथम असा कायदा केला, तो योग्यच होता आणि तो सैल करावा असे मी मुळीच सुचवत नाही. उपजिल्हा रुग्णालयात नोंदणीकृत यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित डॉक्टर आठवड्याचे सर्व दिवस असणे, हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. आणि अहवालात गाठीची ओळ आली तर ती फाईलमध्ये न राहता मूत्ररोगतज्ज्ञापर्यंत पोहोचली का, हे पाहण्याची जबाबदारी कुणातरी एका नेमलेल्या माणसावर हवी.

आता औषधांकडे वळू. पसरलेल्या रोगावर 2005 पर्यंत फारसे काही करता येत नव्हते. नंतर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आल्या आणि मग रोगप्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे. या दुसऱ्या प्रकारातील निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी मिळालेल्या मध्यम व अधिक जोखमीच्या रुग्णांपैकी निम्मे सुमारे 47 महिन्यांहून अधिक जगले, तर केवळ सुनिटिनिब ही पहिल्या प्रकारातील गोळी मिळालेल्यांपैकी निम्मे सुमारे 27 महिन्यांहून अधिक. काही रुग्णांत तर रोग वर्षानुवर्षे परतलाच नाही. हे यश निर्विवाद आहे. पण ते मिळवण्याची किंमत बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या कल्पनेपलीकडची आहे.

या किमतीच्या प्रश्नाशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे बायर कंपनीचे औषध महिन्याला 2,80,428 रुपयांना मिळत असे. मुंबईच्या पेटंट कार्यालयातून 9 मार्च 2012 रोजी देशातील पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची सरकारी परवानगी, दिला गेला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध 8,880 रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ज्या औषधाने रुग्णांचे आयुष्य वाढू शकते ते बाजारात आहे पण बहुतेकांच्या आवाक्यात नाही, या स्थितीला कायद्याने उत्तर देता येते हे तेव्हा दिसले. त्यानंतर कायद्याची ती तरतूद पुन्हा तशी वापरली गेली नाही, याची मला खंत वाटते. एकत्रित खरेदीचा मार्ग मात्र पुढे गेला आहे: टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने कर्करोगाच्या रुग्णांसाठी लागणाऱ्या 40 औषधांची वाटाघाट रुग्णालयांच्या वतीने एकत्र केली आणि सुमारे 1,320 कोटी रुपयांची बचत झाली.

किमतीइतकाच मात्रेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि तो संशोधनाचाच भाग आहे. निवोलुमॅबची मात्रा ठरवण्यासाठी मूत्रपिंडाच्याच कर्करोगाच्या 168 रुग्णांवर अभ्यास झाला होता. त्यात शरीराच्या दर किलोमागे 0.3, 2 आणि 10 मिलिग्रॅम अशा तीन मात्रा दिल्या, तेव्हा गाठ आक्रसण्याचे प्रमाण तिन्ही गटांत 20 टक्क्यांच्या आसपासच राहिले. सर्वांत कमी मात्रेच्या गटात एकूण आयुर्मान काहीसे कमी होते, हेही सांगायला हवे, आणि म्हणूनच उत्तर सोपे नाही. साठ किलो वजनाच्या माणसाला 0.3 च्या हिशेबाने 18 मिलिग्रॅम लागतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी औषध नेहमीच्या गोळ्यांसोबत देऊन पाहिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेल्याचे त्यांनी 2022 मध्ये जाहीर केले. मूत्रपिंडाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. कमी मात्रा आणि पूर्ण मात्रा यांची समोरासमोर तुलना करणारा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा अभ्यास भारतातच व्हायला हवा, कारण त्याची गरज आपल्याला आहे आणि तो करण्याची क्षमता परळमध्ये सिद्ध झाली आहे.

औषध कमी देण्याचा अभ्यास कंपन्या करत नाहीत. तो सार्वजनिक निधीच करतो. ब्रिटनमध्ये 60 रुग्णालयांतील 920 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सुनिटिनिब किंवा पाझोपानिब घेणाऱ्यांना ठरवून औषधाची सुट्टी देण्यात आली आणि आयुर्मानात लक्षणीय घट न होता खर्च वाचला. फ्रान्समधील सरकारी पाठबळाच्या अभ्यासाने 2018 मध्ये दाखवले की पसरलेल्या रोगाच्या अनेक रुग्णांना आधी मूत्रपिंड काढल्याने फायदा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला मोकळे करणारे औषध देण्याच्या अभ्यासातही हाच प्रश्न दडलेला आहे: चार वर्षांनंतर औषध घेणारे 91 टक्के हयात होते आणि न घेणारे 86 टक्के. शंभरांतील पाचांचा फायदा खरा आहे आणि तो मी कमी लेखत नाही, पण 86 जण औषधाविनाही हयात राहिले असते, आणि घेणाऱ्यांपैकी पाचातील जवळपास एकाला औषधाचे गंभीर दुष्परिणाम झाले. ते पाच जण कोण, हे आधी सांगता येण्यासाठी रक्तातील किम-1 या प्रथिनावर काम चालू आहे. मूत्रपिंडाला कोणतीही इजा झाली तरी हे प्रथिन वाढते, त्यामुळे जुनाट मूत्रपिंडविकार असलेल्या आपल्या लोकसंख्येत ते कितपत विश्वासार्ह ठरेल याची पडताळणी येथेच करावी लागेल.

या सगळ्यासाठी पाया आपल्याकडे आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून चालते आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. गावोगावी फिरून, लोकांशी बोलून कर्करोगाचे रुग्ण नोंदवण्याची पद्धत तेथील कार्यकर्त्यांनी घालून दिली. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णामागे चार माहित्या अशा नोंदणीत आवर्जून जोडल्या जाव्यात: गाठ कोणत्या कारणाने सापडली, तेव्हा ती किती सेंटिमीटरची होती, पहिल्या लक्षणापासून किती काळ गेला, आणि काढलेली गाठ अखेर कर्करोगाची निघाली का. यासाठी नवे यंत्र लागत नाही, परदेशी परवाना लागत नाही. राज्य सरकारचा एक आदेश आणि नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेळेवर वेतन एवढेच लागते.